अठ्ठावीस आणि सव्वीस

इन्व्हरकार्गिलला, जमीन संपते त्याच्या जरा अलीकडे,
फेलेतीच्या शेडमध्ये आमचा सगळा उन्हाळा गेला.
वाऱ्यानं पत्रा वाजायचा, वाटायचं कुणी आलं.
त्याच्या आईची जुनी कोरोला, शिळ्या मटाराच्या रंगाची,
आणि तिच्या पोटात आता
कुणीतरी ठोकलेल्या दुसऱ्या गाडीचं इंजिन.
एकशे साठ घोडे, विकणारा शपथेवर म्हणाला.

माउंट बसले.
नायोनं वायरिंग केलं, तीन रात्री, दातात टॉर्च धरून.
रेडिएटर थोडा दामटून, थोडी समजूत घालून आत गेला.
किल्ली फिरवली
आणि ते पहिल्याच दमात पेटलं,
पलीकडच्या मेंढ्यांनी चरणं थांबवलं,
फेलेती नाचला. मीही, थोडा.

पण गाडी ठोकळ्यांवरच.
इंजिन आपलं जागीच घुमत होतं,
वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरासारखं,
कारण एकशे साठांतलं एकूणएक घोडं पेंड खात होतं ते चाकाशी,
शेवटच्या एका वितीवर.

शाफ्ट आला होता इंजिनासोबत.
गिअरबॉक्सकडचं टोक खटकन बसलं, घरी आल्यासारखं.
चाकाकडे त्याला अठ्ठावीस दात,
आणि कोरोलाच्या हबात जागा सव्वीसांना.
मी तीनदा मोजले. नायोनं एकदाच मोजले, नि शिवी दिली.
मग हबही त्याच गाडीचा घालू, फेलेती म्हणाला.
घाल की. तो हब चार मिलिमीटर जाड,
आपल्या बेअरिंगच्या आत शिरत नाही;
त्याचं बेअरिंग घ्यावं तर ते आपल्या नकलमध्ये मावत नाही;
नकल बदलावा तर ब्रेक, तर स्ट्रट…
एक बटण बदलायला गेलो
नि सगळा सदरा उसवायची पाळी.

ब्लफच्या रस्त्यावर मोरॅग मॅकेर्कर,
वय एक्क्याहत्तर, लेथ तिच्याहून थोरला.
लोकर कातरायच्या यंत्रांचे, शिंपल्यांच्या बोटींचे
आस घडवून तिची बोटं काळी झालेली.
दात तिनं नखानं मोजले, डोळे मिटून.
मग आमचं जुनं बेअरिंग कानाशी धरून
हलकेच फिरवलं.
खर्र.
"किती वर्षं रडतंय हे?"
तिकडची जुनी माणसं र घोळवतात,
तिच्या तोंडातला र एक पुरा फेरा मारून बाहेर आला.
फेलेती म्हणाला, आई म्हणायची, रस्ताच तसा आहे.
अकरा वर्षं म्हणत होती,
चर्चला जाताना, रात्रपाळीला जाताना,
रेडिओ मोठा करून.

मोरॅगनं एकच दांडा घडवला:
एक टोक इंजिनाच्या गावचं, दुसरं चाकाच्या.
बेअरिंग नवं, पण मापाला जुनंच.
"दाब बाहेरच्या कड्यावर द्यायचा," ती प्रेसवर हात ठेवून म्हणाली,
"आतल्या कड्यातून रेटलंत तर ते जन्मतःच मेलेलं."
आणि फेलेतीकडे वळून:
"हे सव्वीस दात तुझ्या आईच्या घोड्यांपुरते कापलेत.
लाल दिव्यावर तमाशा करशील तर तुटतील,
आणि मी हसेन."
पैसे घेतले तिनं, पुरते.
शिवाय शंभर किलोमीटरनंतर
नट पुन्हा आवळायचं वचन.

सर्टिफिकेटवाल्यानं गाडीखाली तासभर घालवला,
उठला, गुडघे झटकले, सही केली.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी
लोसालीने पुढच्या सीटवर बसली,
पर्स मांडीवर, टोपी नीट.
साठ. सत्तर. ऐंशी.
उजवीकडे फोवो सामुद्रधुनी शिशासारखी.
सवयीनं तिचा हात रेडिओकडे गेला
आणि बटणावरच राहिला.
बुडवायला आवाजच नव्हता कसला.
तिनं टायरकडे कान दिला, मग लेकाकडे पाहिलं,
काळजीनं.
"फेलेती," ती म्हणाली,
"काही बिघडलंय का रे गाडीत?"